गाडी लई बोलते

लातूरच्या त्या गल्लीत सकाळचे ऊन सरळ कधी येत नसे. आधी ते समोरच्या पाण्याच्या टाकीवर उतरे, तिथून शेजाऱ्यांच्या पत्र्यांवर घसरे, विजेच्या तारेत अडकलेल्या पतंगाच्या सांगाड्यातून गाळून निघे आणि सगळ्यात शेवटी, घरात पाहुणे म्हणून आलो आहोत की उधारी मागायला हे न ठरलेल्या माणसासारखे, शिवलिंगअप्पांच्या बारदानाच्या दुकानाच्या ओट्यावर येऊन टेकत असे. तिथे रिकाम्या पोत्यांच्या थप्प्या होत्या. त्यांवरून जाताना उन्हाचा रंग बदले. बाहेर पांढरेधोप असलेले ते तागाच्या धाग्यांत शिरून भिजवलेल्या हरभऱ्यासारखे पिवळसर होई. त्यात धूळ तरंगत राही, ना वर ना खाली. या उन्हात कुणाचे भले होत नाही, कुणाचे वाईटही होत नाही. ते नुसते येते आणि दुकान उघडायच्या वेळेला रस्त्यावर निघून जाते.

त्या उन्हात सोमेश आपल्या जुन्या व्हॅनच्या पोटात मांडी घालून बसला होता. सीटा बाहेर काढलेल्या होत्या. तो उघड्या पत्र्यावर बोटाने टिचकी मारी आणि कान देई.

टण्ण.

"काय करायलास रं सकाळी सकाळी?" गुरम्माने, म्हणजे त्याच्या आईने, दारातून विचारले. "गाडीची नाडी बघायलास काय?"

"आवाज कुठून येतोय ते बघायलोय."

"कुठून येत न्हाई ते बघ. लवकर उरकंल."

सोमेश हसला नाही. तो मुळातच कमी हसे आणि त्याहून कमी बोले. स्वप्नाली, त्याची बायको, दिवाळीला मुदखेडला माहेरी गेली होती. आता चैत्र लागला होता. आधी तिच्या धाकट्या बहिणीची परीक्षा होती. मग तिच्या आईचा गुडघा धरला. मग पौष होता, आणि पौषात कुणी लेक पाठवत नाही. पौष संपल्यावर गुडघा पुन्हा धरला. शेवटी सासूबाईंचा, तारामतीबाईंचा, फोन आला. "पोर यायला तयार हाय हो जावईबापू. पण तुमची ती गाडी लई बोलते म्हणती. तेवढ्या लांब बसलं की डोकं दुखतंय तिचं."

ते ऐकून गुरम्माने नवऱ्याकडे, शिवलिंगअप्पांकडे, पाहिले आणि अप्पांनी पोत्यांकडे. या भागात लेकीच्या आईबापाने असे कारण सांगितले की समोरच्याने ते हातात घेऊन बघायचे नसते. देवाच्या प्रसादासारखे डोळे मिटून गिळायचे आणि गप्प राहायचे, एवढी रीत सगळ्यांना ठाऊक असते. सोमेशला मात्र हे कारण फार आवडले. परीक्षेवर त्याच्याकडे इलाज नव्हता. गुडघ्यावर नव्हता. पत्र्यावर होता.

"मग रेल्वेनं आण की तिला," गुरम्मा म्हणाली.

"तिनं गाडीचं नाव घेतलंय आई, रेल्वेचं न्हाई."

मोबाइलवर एक गृहस्थ आपल्या मोटारीला आतून चकचकीत शीट चिकटवत होते आणि दार लावल्यावर मोटार तिजोरीसारखी गप्प होत होती. पण त्या शीटांच्या किमतीत तसलीच आणखी एक व्हॅन आली असती आणि तीही वाजलीच असती. तेव्हा सोमेशने घरातच शोध घेतला. गच्ची गळत होती तेव्हा आणलेली डांबरी पट्टी माळ्यावर अर्धी उरली होती. बारदाना तर बापजाद्यांचाच होता. कापसासाठी त्याने स्वतःची गादी उसवली आणि चटईवर झोपू लागला. पलंगावरची स्वप्नालीची गादी त्याने तशीच ठेवली. तिच्यावरची धूळ तो दर सोमवारी झटकत असे.

फिटर नागप्पा सल्ला द्यायला आला. खरे तर तो चहाला आला होता.

"अरे, गाडी बोलणारच की," तो म्हणाला. "लोखंड हाय ते. बोलायची बंद झाली की मग भंगारात देतेत." आणि एवढे बोलून त्याने जीभ चावली, कारण सोमेशच्या बायकोचे गल्लीत सगळ्यांनाच माहीत होते. मग भरपाई म्हणून त्याने डांबर पत्र्यावर बसवायला स्वतःचा लोखंडी रोलर फुकट दिला.

डांबर सुंदर बसले. मात्र चैत्रातल्या लातूरला आपण गच्चीवर आहोत की गाडीत, याच्याशी काही घेणे नव्हते. दुसऱ्या दिवशी दुपारी छताची पट्टी सैल झाली आणि स्टिअरिंगवर काळ्या मधासारखी तार धरून उतरली. ती थोपवायला सोमेशने आतून सगळीकडे पोती ताणली आणि सुतळीने शिवली. पोती ज्वारीची होती. उष्णता लागताच त्यांतले सोंडकिडे जागे झाले आणि संध्याकाळी काचेवरून रांगेने फिरायला निघाले. किड्यांसाठी त्याने कडुलिंबाचा पाला कोंबला. पाल्याचा वास कडू म्हणून कापराच्या वड्या ठेवल्या.

"गाडी हाय का देव्हारा?" नागप्पाने विचारले.

दारांत कापूस इतका भरला गेला की काचा खाली जायच्या बंद झाल्या. फटींना रबर लावले, तेव्हा दार खांदा लावल्याशिवाय मिटेना आणि लाथ मारल्याशिवाय उघडेना. मागची बाजू वजनाने बसली. व्हॅन गाभण म्हशीसारखी चालू लागली. पण बाविसाव्या सकाळी सोमेशने टिचकी मारली आणि आवाज आला: धप. त्याने इंजिन सुरू केले, दार ओढून घेतले आणि डोळे मिटले. पलीकडच्या गल्लीत पिठाची गिरणी चालावी, तेवढेच काहीतरी कुठेतरी होते. गेल्या पाच महिन्यांत त्याला एवढा आनंद झाला नव्हता.

सून आणायला वडीलधारे माणूस लागते, म्हणून अप्पा धोतर-टोपी घालून शेजारी बसले. अहमदपूर मागे पडले. लोह्याच्या अलीकडे एकाएकी एक एसटी डाव्या बाजूने पुढे घुसली आणि आडवी थांबली. कंडक्टर उतरून काचेपाशी आला. त्याचे तोंड उघडत होते, मिटत होते, मानेच्या शिरा फुगत होत्या.

"काय म्हणायलाय?" अप्पांनी विचारले.

"ऐकू येईना."

"शिव्या असत्याल."

"दिसायल्यात तशाच."

काच खाली जात नव्हती. सोमेशने आतूनच हात जोडले. कंडक्टरने स्वतःच्या कानाला बोट लावले, मग मागच्या रस्त्याकडे दाखवले, मग दोन बोटे उभी केली. दोन किलोमीटरपासून तो हॉर्न वाजवत होता, असा त्याचा अर्थ. अप्पांना एकदम हसू फुटले. त्यांना पाहून सोमेशलाही. बापलेक एकत्र हसल्याला किती वर्षे झाली होती, ते दोघांनाही सांगता आले नसते.

हसू ओसरले. मग गाडीत काहीच उरले नाही.

"लई गप झाली रं गाडी," बऱ्याच वेळाने अप्पा म्हणाले.

"हाव, अप्पा."

पूर्वी या रस्त्याने जाताना दार वाजे, सीट कुरकुरे, जॅक डब्यात आदळे, आणि मनातला प्रश्न त्या गोंगाटात सुखाने दडून राही. आता तो दोघांच्या मध्ये येऊन बसला होता. अप्पांनी दोनदा घसा साफ केला. सोमेशने दोन्ही वेळा आरशात पाहिले. नांदेडचा पूल आला आणि गेला.

मुदखेडला दुपार कलत होती. सासरे बसवंतअप्पा अंगणात उभेच होते. "शरणार्थ, शरणार्थ," म्हणत हात जोडून ते पुढे आले, व्हॅनमध्ये डोकावले आणि थबकले. "जावईबापू, गाडीत पोती भरून आणलीत, का पोत्यात गाडी भरून?"

अंगण हसले. शेजारच्या सरजाबाई नाकाला पदर लावून म्हणाल्या, "कापराचा वास येऊन राहिला. आरती झाली का?"

तारामतीबाई मात्र हसल्या नाहीत. त्या हळूच घराकडे वळून म्हणाल्या, "स्वप्ना, बघ गं. तुझ्यासाठी काय काय केलं बघ त्यांनी."

स्वप्नाली बाहेर आली. तिने सोमेशकडे पाहिले नाही, गाडीकडे पाहिले. पोत्यांच्या शिवणीवरून तिने बोट फिरवले. टाके सारख्या अंतराचे होते.

"हे सगळं तुम्ही शिवलं?"

"हाव."

"कधी?"

"सकाळी. दुकान उघडायच्या आधी."

"बसून बघते," ती म्हणाली आणि आत शिरली. सोमेशही आत आला, त्याने खांदा लावून दार मिटले. मुदखेड बंद झाले. स्टेशनात डबे जोडत होते, अंगणात माणसे बोलत होती, दोरीवर कपडे फडफडत होते. सारे काचेपलीकडे, तळ्याच्या तळाशी असल्यासारखे.

"बाहेर ऐकू जातं का?" तिने विचारले.

"न्हाई."

तिचा विश्वास बसला नाही. काचेपासून हातभर अंतरावर उभ्या असलेल्या आईकडे तोंड करून ती जिवाच्या आकांताने ओरडली, "आई! दूध उतू चाललंय!"

तारामतीबाईंनी प्रेमाने मान डोलावली.

स्वप्नालीने एक लांब श्वास घेतला. "मग सांगते," ती म्हणाली. "ह्या घरात पाच महिन्यांत मला अशी जागा गावली न्हाई. इथं मांजराशी बोललं तरी भिंतीपल्याड जातं." तिने मांडीवरचा सोंडकिडा अलगद उचलून खाली सोडला. "गाडीचं मी खोटं सांगितलं."

"दार वाजायचं की."

"वाजायचं. मला तरास नव्हता त्याचा. तुमच्या घरात मला कुणी वाईट बोललं न्हाई. खरं तर माझ्याशी कुणी बोललंच न्हाई. तुम्ही दुकानातून यायचे, जेवायचे, खिडकीत बसायचे. मी विचारलं तर हाव, न्हाई विचारलं तर तेबी न्हाई. गाडीत बसलं की मला बरं वाटायचं. वाटायचं, चला, कुणीतरी बोलायलंय."

सोमेश पोत्याच्या एका सुटलेल्या धाग्याकडे पाहत राहिला. "मग गाडीचंच नाव का घेतलं?"

"कुणाचं तरी घ्यावं लागतं. गाडीला वाईट वाटत न्हाई."

"आता बोलीन मी," तो म्हणाला.

"बोला."

त्याने तोंड उघडले. त्याला सांगायचे होते की सोमवारी तो तिची गादी झटकतो. त्याला सांगायचे होते की खिडकीत बसून तो तिच्याशीच बोलत असे, फक्त मनात. पण हे शब्द एवढे दिवस आत राहून एकमेकांना चिकटले होते, आणि त्यांना ओढून काढायची त्याला सवय नव्हती. बावीस दिवस राबून त्याने एकेक आवाज हुसकावला होता. आता त्या मोकळ्या जागेत ठेवायला त्याच्याजवळ काही नव्हते.

"बघा," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, म्हणून ते जास्त लागले. "तुम्ही वाईट न्हाईत. मला असल्या गप्प घरात जगता येत न्हाई. आईला सांगावं म्हणून रोज सकाळी ठरवते. ती चहा करायला लागली की धीर सुटतो."

ती रडू लागली. सोमेशने खिशातला रुमाल काढून दिला. त्याला डांबर लागले होते, तिच्या गालावर काळा पट्टा उमटला. तिने आरशात पाहिले आणि रडता रडता हसली. त्यालाही हसू आले.

हे बाहेर दिसत होते. ऐकू मात्र काहीच येत नव्हते. बाहेरून पाहिले तर नवराबायको मान खाली घालून बोलत होती, ती रडली, त्याने डोळे पुसले, दोघे हसली. एवढ्यावर अंगणाने निकाल दिला. तारामतीबाईंनी पदराने डोळे टिपले आणि घरात धावल्या. बसवंतअप्पा बॅग घेऊन आले, व्हॅनवर चढवून सुतळीने बांधू लागले. सरजाबाईंनी ओटीचे ताट आणले: तांदूळ, नारळ, खणाचा तुकडा. कुणीतरी लोणच्याची बरणी आणली, कुणी शेवयांचे डबे. शिवलिंगअप्पा तेवढे बाजूला, टोपी हातात घेऊन उभे होते.

"तुझी बॅग बांधायलेत," सोमेश म्हणाला.

"हाव," स्वप्नाली म्हणाली. "आता मी कशी सांगू?"

त्याने दाराला लाथ मारली. दार उघडले आणि सगळे मुदखेड एकदम आत आले: इंजिनाची शिट्टी, भांडी, कोंबड्या, आणि तारामतीबाईंचा ओलावलेला आवाज. "झालं ना गं मन मोकळं? ये, ओटी घे. जावईबापू, गाडी लई झ्याक केलीत. आता काही बहाणा राहिला न्हाई पोरीला."

सोमेश अंगणात उतरला. त्याला कारणे सुचत होती, आयुष्यात प्रथमच इतकी भराभर. इंजिन तापलेय. मागचे टायर बसलेय. डांबराचा वास आहे, चार दिवस वाळू द्या. अमावास्या झाली की येतो. प्रत्येक कारण चांगले होते, सगळ्यांनी आनंदाने गिळले असते, आणि त्याला घरी जाऊन पुन्हा काहीतरी दुरुस्त करता आले असते. त्याने शिवलिंगअप्पांकडे पाहिले. अप्पांना उत्तर आधीपासून माहीत होते. दिवाळीपासून माहीत असावे.

"बॅग खाली घ्या, मामा," तो सासऱ्यांना म्हणाला. आवाज मोठा निघाला. त्याचा त्यालाच ओळखू आला नाही. "गाडीचं काही न्हाई. स्वप्नालीला यायचं न्हाई."