मॅडमच्या डोक्याचं माप

घरात पाळलेली पाल तिसऱ्यांदा काचेच्या पेटीतून सुटली आणि सापडली ती बायकोच्या हेडफोनवर, आणि हेडफोन त्या वेळी बायकोच्या कानांवर होता. ती अंध विद्यार्थ्यांसाठी पाठ्यपुस्तकं वाचून रेकॉर्ड करायची. इतिहासाच्या आठव्या धड्यात, एका तहाच्या ऐन कलमांमध्ये, तिची किंकाळी नोंदली गेली.

"आता ही चौथ्यांदा पेटीबाहेर आली, की त्याच दिवशी दुकानात परत," तिने लेकीला बजावलं.

लेकीने बापाकडे पाहिलं. आठ महिने हातावर खाऊ घालून तिने ती हिरवीगार पाल माणसाळवली होती. घरात तिला मॅडम म्हणत.

बाप लिफ्ट-तपासनीस होता. तेवीस वर्षांत त्याने पास केलेली एकही लिफ्ट अडकली नव्हती. पेटीचं पहिलं झाकण मात्र पुठ्ठ्याचं होतं, मॅडमने ते डोक्याने उचललं. दुसरं मच्छरदाणीच्या जाळीचं, ते मॅडमच्या उबेसाठी वर लावलेल्या दिव्याने वितळलं. तिसरं स्टीलचं होतं, पण नुसतं ठेवलेलं, वर वजनाला दोन शब्दकोश. त्यातला एक बायकोनेच उच्चार बघायला उचलला होता. हे त्याने बोलून दाखवलं नाही. तेवीस वर्षांच्या नोकरीइतकाच त्याला संसाराचाही अनुभव होता.

"झाकण मी करतो," तो म्हणाला. "एकदाच करतो."

रविवारी त्याने मॅडमच्या डोक्याचं माप घेतलं. शिंप्यासमोर उभं राहावं तशी ती लेकीच्या मुठीत निमूट राहिली.

"बारा मिलिमीटर. म्हणजे जाळीचं भोक आठचं."

"बाबा, जाळीच्या कडा टोचतील तिला."

"आत दुमडतोय. काल जन्मलो का मी?"

अॅल्युमिनियमची चौकट, स्टीलची जाळी, चार बाजूंना चार खटके, दिवा जाळीपासून वीतभर उंच. मग त्याने झाकणावर पाच किलोचं वजन ठेवून तासभर वाट पाहिली आणि एक कागद चिकटवला : 'सुरक्षित. पुढील तपासणी सहा महिन्यांनी.' खाली सही.

लेकीने आत मॅडमचं आठवड्याचं जेवण सोडलं. वीस रातकिडे, चांगले पोसलेले.

सोमवारी लेक कॉलेजला गेली, बाप रजेवर होता. बायको शेवटचा धडा वाचायला बसली, तो संध्याकाळपर्यंत पाठवायचा होता. पाच मिनिटांत ती बाहेर आली.

"अहो, माझ्या खोलीत काहीतरी किरकिरतंय."

त्याने पेटीत पाहिलं. मॅडम जागच्या जागी होती. जेवण मात्र निघून गेलं होतं. मॅडमला उबेला बसायला ठेवलेल्या फांदीवरून रातकिडे जाळीपर्यंत चढले होते आणि आठ मिलिमीटरमधून एकेक करून सुटले होते.

"तुम्ही किड्यांचं माप नाही घेतलं?"

"लिफ्टमध्ये प्रवासी मोजतात. त्यांचा जेवणाचा डबा कोण मोजतं?"

मग तो विजेरी घेऊन पुस्तकांच्या कपाटाखाली पालथा झाला. डावीकडे सरकला की डावीकडचे गप्प, उजवीकडचे सुरू. दुपारी दोनपर्यंत त्याने तीन पकडले आणि टेबलावरचा माइक पाडला.

"सतरा राहिले," तो खात्रीने म्हणाला. "रोज तीनच्या हिशेबाने रविवारपर्यंत..."

"परीक्षा शुक्रवारी आहे मुलांची," बायको म्हणाली, आणि तडक पेटीकडे गेली. पहिला खटका उघडला. दुसरा.

"अगं, ती बाहेर येईल."

"यायलाच हवी."

"चौथ्यांदा होईल."

"तुम्ही बाजूला व्हा."

पाचला लेक घरी आली. पेटी रिकामी, झाकण भिंतीला टेकवलेलं, वर वडिलांची सही. तिचा चेहरा उतरला.

"आईने परत दिली ना?"

बापाने ओठांवर बोट ठेवून खोलीच्या दारातली काच दाखवली. आत आई संथ, स्वच्छ आवाजात वाचत होती. मॅडम माइकच्या दांडीवर बसली होती. कपाटाच्या कडेला काहीतरी हललं. मॅडम सरसर उतरली, गेली, आणि तोंड भरून परत आली. आई एक शब्दही अडखळली नाही.

पान संपल्यावर तिने रेकॉर्डिंग थांबवलं आणि दार बोटभर उघडलं.

"आत येऊ नका," ती कुजबुजली. "अजून दोन राहिलेत. आणि तिला घाई करू नका, दमलीये ती."