गोधडी कोण पांघरणार?

सिंधूकाकूंकडे गोधडी विकत घ्यायला जाणं म्हणजे मुलगी मागायला जाण्यासारखं आहे. पैसे असून चालत नाही, स्थळ पसंत पडावं लागतं.

गिऱ्हाईक दारात आलं की काकू आधी पाणी देतात. मग कपाळावरचा चष्मा नाकावर घेतात आणि विचारतात, "कोन पांघरनार हे?" माणूस बेसावधपणे काहीतरी उत्तर देतो आणि तिथेच फसतो. नांदगाव खंडेश्वरहून आलेले एक गृहस्थ "पाहुणेरावळे येतात, त्यांना लागते" म्हणाले. काकू म्हणाल्या, "मंग सतरंजी घ्या नं बाप्पा. दोन दिसाच्या पावन्याले गोधडी कायले?" एका बाईंना ती गाडीच्या सीटवर टाकायला हवी होती. त्यांच्या हातातला पाण्याचा पेला अर्धा असतानाच काकूंनी परत घेतला.

मीही नापास झालेल्यांपैकीच आहे. काकू आमच्याच गल्लीत राहतात, त्यामुळे मला वाटलं होतं की माझी परीक्षा तोंडदेखली होईल. पण त्यांनी विचारलं, "सर, तुमी झोपेत लाता झाडता काय?" मी प्रामाणिकपणे "माहीत नाही" म्हटलं. काकूंनी माझ्या बायकोकडे पाहिलं. बायको नुसती हसली. "टाके उसवतीन," असा निकाल लागला आणि आम्ही बाजारातून रग आणला.

मी अमरावतीच्या एका कॉलेजात वाणिज्य शिकवून निवृत्त झालो. बाजारपेठ या विषयावर जन्मभर बोललो, विकलं मात्र काहीच नाही. एकदा स्कूटर विकायला काढली, तर घ्यायला आलेल्या माणसाला मीच तिचे दोष इतके नीट समजावून सांगितले, की ती अजून आमच्या अंगणात उभी आहे. अशा माणसाला गल्लीतल्या बायकांनी आपल्या बचत गटाचा सल्लागार केलं, यावरून त्यांची अडचण किती मोठी होती ते ओळखा.

अडचण खरीच होती. गटातल्या बायका अकोल्याच्या एका ठेकेदारासाठी पिशव्या शिवत. तो प्रत्येक पिशवीत खोट काढायचा आणि मनाला येईल तो भाव द्यायचा. काकूंसकट काहीजणी गोधड्याही शिवत; त्या गोधड्यांना कायमचं दुकान मिळालं तर ठेकेदाराचं तोंड पुन्हा बघावं लागणार नव्हतं. गटाची प्रमुख रेखा मला म्हणाली, "सर, तुमाले बोलता येते. तुमीच पाहा काही." मी शोधाशोध करून पुण्यातलं एक दुकान गाठलं. बायकांनी हाताने केलेल्या वस्तू ते न्याय्य भावाने घेत. न्याय्य व्यापार म्हणजे काय, यावर मी रेखाच्या अंगणात भाषणही ठोकलं. बऱ्याचजणी झोपल्या. कॉलेजातही माझा अनुभव साधारण हाच होता.

दुकानाच्या केतकी मॅडम गोधड्या बघायला आल्या. तरुण, मोकळ्या, चहा जमिनीवर बसून पिणाऱ्या. गोधड्या त्यांना फार आवडल्या. काकूंच्या गोधडीवरून तर त्या कितीतरी वेळ हात फिरवत होत्या. मग म्हणाल्या, "प्रत्येक गोधडीला आम्ही चिठ्ठी लावतो. शिवणारीचा फोटो, नाव, गाव. घेणाऱ्याला कळायला हवं ना, ही कोणी केली!"

"अन् मले कवा कळनार?" काकूंनी विचारलं.

"काय काकू?"

"हे कोनं नेली ते."

मॅडम गोड हसल्या. "ते नाही सांगता येत. ग्राहकाची खाजगी बाब असते."

"मंग माहा फोटो खाजगी नाई काय? त्याइले माहं नाव कळते, गाव कळते. मले त्याइचं काईच नाई. हा कोनता न्याय?"

मॅडम सांभाळून घेत म्हणाल्या, "काकू, लोक फार जपतात हो. काहीजण तर फ्रेम करून भिंतीवर लावतात."

"भितीले थंडी वाजते काय?" काकूंनी विचारलं, गोधडीची घडी केली, ती काखेत मारली आणि चालत्या झाल्या.

मॅडम "विचार करून कळवते" म्हणून गेल्या. सगळ्यांत देखण्या गोधड्या काकूंच्याच असल्यामुळे त्या नसतील तर ऑर्डर जाणार, हे सगळ्यांना कळलं. रेखा रडकुंडीला आली होती. "सर, तुमीच समजवा तिले. नाईतं आमी पुन्हा त्या पिशव्याइतच जातो."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मुद्दे पाठ करून काकूंकडे गेलो. त्या टीव्हीसमोर बसल्या होत्या. मी तोंड उघडताच त्यांनी हाताने गप्प केलं. हवामानाच्या बातम्या चालल्या होत्या. "नाशिकले लयच थंडी पडली," त्या म्हणाल्या. "बरं झालं, तिकडच्या गोधडीत एक लुगडं जास्तीचं टाकलं होतं."

"नाशिकला कोण आहे तुमचं?"

"कोनी नाई. एक बाई बाळंतीन लेकीसाठी घेऊन गेली होती." मग मूर्तिजापूरचे दम्याचे गुरुजी, चिखलदऱ्याची हॉस्टेलातली पोरगी, असं एकेकाचं नाव घेत त्या म्हणाल्या, "माह्या घरात, जेवले काय, निजले काय, इचाराले मानूस नाई, सर. यजमान गेले, लेकरू झालंच नाई. पन थंडी पडली का मनात येते, आपल्या हातचं पांघरून ते समदे निजले असतीन. मंग मलेबी झोप लागते. भितीवर टांगल्यावर म्या कोनाची याद करू?"

माझे पाठ केलेले मुद्दे पाठच राहिले. मला फार वाईट वाटलं. इतकी वर्षं शेजारी राहून मी त्यांच्या परीक्षेवर फक्त विनोद केले होते.

अंगणात जाऊन मी केतकी मॅडमना फोन लावला आणि सगळं सांगितलं. नीट सांगितलं नाही. मध्येच नाशिक, मध्येच गुरुजी, असा सगळा गोंधळ झाला. चला, स्कूटरसारखी ऑर्डरही गेली, असं मी धरून चाललो.

"ऑर्डर पक्की समजा," मॅडम म्हणाल्या. "ग्राहकांवर सक्ती नाही करता येणार. पण चिठ्ठीवर गटाचा फोन नंबर छापू आणि लिहू, ही कोण पांघरतंय ते काकूंना कळवा. आणि सर, त्यांनी काल उचलून नेली ना, ती मला हवी आहे. दुकानासाठी नाही. मी इथे एकटीच राहते."

आत येऊन मी काकूंना सांगितलं. त्यांनी पेटीतून ती गोधडी काढली, मांडीवर घेतली. "मंग कालच सांगाले काय झालं होतं तिले?" त्या पुटपुटल्या. मी चालू फोन त्यांच्याच हातात दिला.

काकूंनी तो कानाला लावला. "पोरी," त्या म्हणाल्या, "एकट्या मानसाले पाय पोटाशी घेऊन निजाची सवय लागते. मलेबी लागली. हे गोधडी म्या चांगली लांब शिवली हाय. पाय लंबे करून निजत जाजो."