प्लेट हलता कामा नये

मी फक्त दोन स्क्रू बदलायचं ठरवलं होतं. हे आधीच सांगून ठेवतो, कारण आमच्या घरात ही गोष्ट आता 'ह्यांनी गाडी मोडली तेव्हा' अशी सुरू होते आणि त्यात स्क्रूंचं नावही निघत नाही.

सुरुवात सासऱ्यांपासून करायला हवी. माझे सासरे आयुष्यभर पुलांची तपासणी करायचे. लहानशी हातोडी घेऊन एकेका नटावर ठोकायचं, कान लावायचा आणि वहीत शेरा मारायचा : 'हलतंय' किंवा 'हलत नाही'. निवृत्तीनंतर हातोडी कपाटात गेली, शेरे मात्र राहिले. टेबल, शेजारी, सरकार, सगळ्यांना ते या दोनपैकी एका रकान्यात घालतात. लग्न ठरवायला भेटलो तेव्हा त्यांनी माझा हात हातात घेतला, जरासा दाबला आणि मुलीकडे बघून म्हणाले, "हलतंय." त्याला अकरा वर्षं झाली. शेरा कायम आहे.

माझे साडू, म्हणजे बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान, ते मात्र 'हलत नाही'. ते नळ दुरुस्त करतात, मिक्सर खोलून परत जोडतात (आणि तो परत चालतो), आणि हात पुसत म्हणतात, "त्यात काय एवढं." मला त्यांचा हेवा वाटतो. उगाच आडपडदा कशाला? त्यांच्या पान्यांच्या पेटीचा वाटतो, त्यांच्या दाट केसांचा वाटतो. आणि कुठे जायचं झालं की सासरे न विचारता त्यांच्या शेजारच्या सीटवर जाऊन बसतात, याचा तर इतका वाटतो की त्या दिवशी मला जेवण जात नाही. (अर्धंच जातं.)

तर सासऱ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं. शनिवारी त्यांना दवाखान्यातून घरी आणायचं होतं. कोणी काही बोलायच्या आत मी म्हणालो, "मी आणतो."

सासरे उठले. जिना उतरून खाली गेले, माझ्या गाडीभोवती एक फेरी मारली आणि पुढच्या नंबरप्लेटला बोटाने टिचकी मारली. प्लेट एकाच स्क्रूवर लटकत होती. ती बराच वेळ वाजत राहिली.

"हलतंय," सासरे म्हणाले.

"मी उद्या येऊन बसवतो," साडू म्हणाले. "दोन मिनिटांचं काम. त्यात काय एवढं."

"भावोजी, तुम्ही आहात म्हणून बरं," बायको म्हणाली.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "काही गरज नाही. प्लेट मी बसवणार, आणि बाबा माझ्याच गाडीतून येणार."

सासऱ्यांनी थोडा विचार केला. "प्लेट हलली नाही, तर येईन."

मी तडक हार्डवेअरच्या दुकानात गेलो.

"नंबरप्लेटचे दोन स्क्रू द्या. प्लेट हलता कामा नये."

"चोरीची भीती आहे का?"

"साडूची आहे."

दुकानदाराने माझ्याकडे नीट पाहिलं, काढलेले स्क्रू परत डब्यात टाकले आणि आत गेला. (तोही कुणाचा तरी धाकटा साडू असणार.) बाहेर येऊन त्याने काउंटरवर एकेक वस्तू मांडली : दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप, काचही चिकटवणारा गोंद, बोटाएवढे जाड बोल्ट, ढिले न होणारे नट, रबरी वॉशर, आणि एका पुडीत वेगळेच स्क्रू. "हे एकदा आत गेले की बाहेर येत नाहीत," तो हळू आवाजात म्हणाला.

"यातलं काय घेऊ?"

"खरं तर कुठलंही एक पुरतं. साडू थोरले की धाकटे?"

"थोरले."

"मग सगळंच घ्या."

शुक्रवारी रजा टाकली. टेप लावली, गोंद लावला, भोकं पाडून बोल्ट घातले. आता नट बंपरच्या मागून आवळायचा, तर तिथे हात पोहोचेना. म्हणून बंपर काढला. बंपर काढणं फारच सोपं असतं. प्लॅस्टिकच्या बारा क्लिपा ओढल्या की तो आपणहून अंगावर येतो. नट आवळले, ते परत न येणारे स्क्रूही ठोकून घातले. मग बंपर जागच्या जागी लावला. तीन क्लिपा बसल्या. उरलेल्या मी एका वाटीत ठेवल्या.

"अहो, हे काय उरलंय?" बायकोने विचारलं.

"जास्तीच्या आहेत. कंपनी देते."

"गाडीत लावून?"

बायकांना यंत्रातलं कळत नाही, असं मी मनात म्हटलं. (मनातच म्हटलं.)

शनिवारी दवाखान्याच्या दारात सासरे एका डोळ्याला पट्टी लावून आले. मागे साडू आणि थोरली मेहुणी आपल्या लांबलचक गाडीत बसून होते, जणू मी नापास होईन म्हणून राखीव ठेवलेले. सासरे वाकले, प्लेटला बोट लावणार इतक्यात दवाखान्याच्या रखवालदाराने ओरडून गाडी पुढे घ्यायला लावली. बायको मागच्या सीटवर शिरली, सासरे घाईत बसले. माझ्या शेजारी, पुढच्या सीटवर.

काय सांगू, मी आरशात मागे येणारे साडू बघत होतो आणि माझ्या पोटात अकरा वर्षांनी थंडावा पडला होता. त्या नादात पहिला गतिरोधक मला दिसलाच नाही. खालून खर्रर्र असा आवाज येऊ लागला.

"हलतंय," सासरे म्हणाले.

"रस्ता खराब आहे, बाबा."

"रस्ता मागे राहतो. हा आवाज आपल्याबरोबर येतोय."

दुसऱ्या गतिरोधकावर आवाज थांबला. बंपरही थांबला. मी ब्रेक दाबून उतरलो तर तो चाकांपुढे, वाट अडवायला बसल्यासारखा पडला होता. मागून साडू धावत आले. सासरे सावकाश उतरले, गुडघ्यांवर बसले, दोन्ही हातांनी प्लेट धरून त्यांनी ती गदगदा हलवली. सबंध बंपर हलला. त्यांनी कान लावला.

"हलत नाही," ते म्हणाले.

भर रस्त्यात, मोडक्या गाडीसमोर, मला शेरा मिळाला होता. बायकोनेही ऐकला, साडूंनीही ऐकला.

"आणि बंपर कोणी बसवला?" सासऱ्यांनी विचारलं.

"ह्यांनीच," बायको म्हणाली.

"हं."

साडूंनी पान्यांची पेटी उघडली. "गाडी चालेल, पण पुढे नंबर नसला तर पुढच्या चौकात पोलीस धरेल. प्लेट तेवढी काढून काचेमागे ठेवू. त्यात काय एवढं."

"निघत नाही," मी नम्रपणे म्हणालो.

त्यांनी वीस मिनिटं खटपट केली. पाना फिरेना, पेचकस सटकून हाताला लागला, दाट केस घामाने कपाळाला चिकटले. मी फुटपाथवर उभा राहून हे सगळं पाहिलं, आणि खोटं कशाला बोलू, इतकी सुंदर वीस मिनिटं माझ्या संसारात आली नव्हती. शेवटी ते उठले आणि म्हणाले, "नाही निघत."

मग मात्र सगळं भराभर ठरलं. बंपर माझ्या लहान गाडीत मावेना, म्हणून तो साडूंच्या गाडीतून गॅरेजला जाणार. सासऱ्यांना ऊन लागायला नको, म्हणून तेही त्याच गाडीतून घरी जाणार. दर तासाला डोळ्यात औषध घालायला बायको हवी, म्हणून तीही. मी मेकॅनिक येईपर्यंत गाडीपाशी थांबणार. मागची अर्धी सीट पाडून बंपर आत सरकवला, तो पुढच्या दोन सीटांच्या मधून थेट सासऱ्यांच्या खांद्याशी आला.

"टोचतोय का, बाबा?" मी खिडकीतून विचारलं.

"राहू दे." त्यांनी प्लेटवर हात ठेवला. "हिचा भरवसा वाटतो."

गाडी गेली. मी फुटपाथवर एकटाच बसलो. अकरा वर्षांत पहिल्यांदाच मला साडूंचा हेवा वाटत नव्हता. नंबरप्लेटचा वाटत होता.