उकळलेला माउथगार्ड

शनिवारी दुपारी मी घरात एक चांगलं काम करायचं ठरवलं. आमच्याकडच्या बहुतेक संकटांची सुरुवात अशीच होते.

आम्ही बदलापूरला मांजर्लीत राहतो. एका पावसाळ्यात नदीचं पाणी आमच्या तळमजल्याच्या घरात कमरेपर्यंत शिरलं, तेव्हापासून मी सगळं उकळतो. प्यायचं पाणी, चमचे, टूथब्रश, एकदा तर घड्याळाचा पट्टासुद्धा. (घड्याळ त्याला लावलेलंच होतं, हे नंतर कळलं.) त्यामुळे ओट्यावर शलाकाचा माउथगार्ड दिसला, तेव्हा हात आपोआप पातेल्याकडे गेला.

शलाका आमची मुलगी. अकरावीत आहे, बॉक्सिंग करते. रविवारी अंबरनाथला जिल्ह्याची निवड चाचणी होती आणि माउथगार्ड नसेल तर रेफरी रिंगमध्ये उतरूच देत नाही. हा तर दातांच्या डॉक्टर नेत्रा मॅडमनी तिच्या दातांचा साचा घेऊन खास बनवला होता. त्यांनी मला तो उलटासुलटा करून दाखवलाही होता. पुढच्या दातांवर जाड, टाळूकडे पातळ, म्हणजे श्वास अडत नाही. बुडाशी खालच्या दातांसाठी खाचा, म्हणजे जबडा मिटला की घट्ट बसतो आणि हनुवटीवरचा ठोसा एकाच दातावर किंवा कानापुढच्या सांध्यावर न आदळता सगळीकडे वाटला जातो. मी थक्क झालो होतो. बावीस वर्षं मी एका कंपनीच्या पॅकिंग खात्यात आहे. बाटल्या फुटू नयेत म्हणून आम्ही खोकंभर थर्माकोल कोंबतो, तरी फुटतात. आणि इथे चार मिलिमीटर प्लास्टिकमध्ये अख्खा जबडा पॅक! ज्याने कोणी हे डोकं लढवलं असेल, त्याला मनातल्या मनात हात जोडले.

आणि तोच मी चांगला दहा मिनिटं खळखळून उकळला. झाकण काढलं तर आत वाळलेल्या आंब्याच्या सालीसारखं काहीतरी तरंगत होतं.

शलाका प्रॅक्टिसहून आली, तिने ते पाहिलं आणि हळूच म्हणाली, "बाबा, हा गरम करूनच वाकवतात." ओरडली असती तर बरं वाटलं असतं. ती आत जाऊन भिंतीकडे तोंड करून बसली. तीन वर्षांची मेहनत मी पातेल्यात घातली होती. माझी बायको किर्ती म्हणाली, "उद्या तुम्हीच उतरा रिंगमध्ये." मॅडमना फोन लावला, तर त्या नाशिकला लग्नाला गेलेल्या.

मग मी तडक उल्हासनगर गाठलं. कॅम्प दोनमधल्या खेळाच्या दुकानात तयार माउथगार्ड मिळाला. सिंधी दुकानदाराने माझा चेहरा नीट पाहिला आणि म्हणाला, "साईं, दिमाग मत लगाना. गरम पानी में बीस सेकंड, फिर बेटी को बोलो, दाँत से दबाए."

घरी येऊन मी घड्याळ लावून वीस सेकंद मोजले. मग वाटलं, पोरीचं तोंड भाजलं तर? लहानपणी तिचं दूध मीच आधी चाखून बघायचो. तसंच केलं. (दाबलाही. दुकानदाराने सांगितलं होतं ना.) बाहेर काढला तेव्हा त्यावर माझे सगळे दात उमटले होते, तिरक्या सुळ्यासकट.

शलाकाने तो हातात घेतला आणि दुपारपासून पहिल्यांदा हसली. सोबतचा कागद तिने शेवटपर्यंत वाचला. आणखी एकदा गरम करायची मुभा होती. तिने मला स्वयंपाकघराबाहेर काढलं, तो साबणाने घासला आणि स्वतःच बसवला.

रविवारी तिसऱ्या राउंडला विठ्ठलवाडीच्या मुलीचा ठोसा थेट शलाकाच्या हनुवटीवर बसला. कळ माझ्या जबड्यात गेली. शलाका एक पाऊल मागे सरली, मान झटकली आणि पुन्हा भिडली. शेवटी रेफरीने तिचा हात वर केला. तिने माउथगार्ड काढला आणि हसली. सगळे दात जागच्या जागी. मला रडू आवरेना. इतक्यात किर्तीने आनंदाने दोन्ही हात वर फेकले आणि तिचं कोपर माझ्या तोंडावर बसलं. त्या दिवशी अख्ख्या हॉलमध्ये एकाच माणसाचा दात पडला, आणि तो प्रेक्षकांत बसला होता.

पुढच्या आठवड्यात नेत्रा मॅडमनी मला काढता-घालता येणारा नवा दात बसवून दिला. सोबत ठेवायला डबी दिली. डबीवर लाल पेनाने मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, "उकळू नये."

मी विचारलं, सगळ्याच पेशंटना असं लिहून देता का?

"नाही," मॅडम म्हणाल्या. "शलाकाचा फोन आला होता."