सरासरीताईंचा पत्ता

एका जंगलात मी घसा फुटेपर्यंत ओरडून सांगितलं होतं, की या कोठारातला एक घाससुद्धा आपल्यापैकी कोणाच्या तोंडी लागणार नाही. एकानंही विश्वास ठेवला नाही. माकडं हसली, खारी हसल्या, आणि ज्यांच्यासाठी ओरडत होते ते ससे तर पोट धरून हसले.

म्हणून आता तुम्हांला सांगते, पोरांनो. विद्वान दिसला की मान डोलवायची, हे तुम्हांला अजून कोणी शिकवलेलं नाही. नीट बसा. नाकातलं बोट काढा.

मी घूस. वय एक वर्ष. दात काढू नका. आम्ही घुशी जेमतेम दोन वर्षं जगतो, म्हणजे मी ऐन मध्यमवयाची बाई आहे. शिक्षण चौथी. चौथीपर्यंतची सगळी पुस्तकं मी कुरतडून संपवली. पाचवीची कपाटात कुलपात होती.

तर त्या जंगलात कमठराव नावाचे एक कासव राहत. मोठे अर्थतज्ज्ञ. वय एकशे दहा. त्यांनी जन्मभर एकाच विषयाचा अभ्यास केला: म्हातारपणी खायचं काय. त्यांचं स्वतःचं म्हातारपण अजून लांब होतं, त्यामुळे अभ्यासाला घाई नव्हती.

पहिला ग्रंथ लिहायला त्यांना वीस वर्षं लागली. नाव होतं, 'म्हातारपण येते काय?' निष्कर्ष: येत असावे.

दुसऱ्याला आणखी वीस. 'आल्यास केव्हा?' निष्कर्ष: शेवटी.

तेव्हा वनराज सिंहांनी भर दरबारात त्यांना शाल दिली. पाठ गुळगुळीत, शाल सारखी घसरायची. मग ती धरून चालायला दोन माकडं नेमली.

तिसरा ग्रंथ, 'तोपर्यंत काय करावे?' यातूनच ते कोठार निघालं. निवांत कोठार. योजना अशी, की प्रत्येकानं आपल्या दहा घासांतला एक घास कोठारात टाकायचा. म्हातारं झालं की रोज चार कंद घरबसल्या घ्यायचे. ऐकायला किती गोड, नाही? मलाही गोड वाटलं असतं. पण म्हातारं म्हणजे किती वर्षांचं, हे ठरवायला कमठरावांनी सरासरी काढली.

कासव जगतं दीडशे वर्षं. मगर सत्तर. ससा आठ, खार सहा, चिमणी चार आणि आम्ही घुशी दोन. सगळ्यांची बेरीज करून सहानं भागा. चाळीस येतात. मी स्वतः करून बघितलं. गणित बरोबर आहे, आणि तेच तर दुखणं आहे.

वनराजांना सरासरीत धरलं नाही. राजाला म्हातारपण नसतं, असं माकडांचं म्हणणं पडलं.

झालं. चाळीस वर्षं पूर्ण झालेल्या प्रत्येकाला कंद सुरू झाले. म्हणजे कासवांना आणि मगरींना. आता मगर काही कंद खात नाही. पण हक्क तो हक्क. आपले चार कंद ती रोज नदीकाठी ओळीनं मांडून ठेवायची, आणि कोण भुकेलं येतंय ते पाण्यातून बघत बसायची. त्या काठाला गेलेले ससे परत आले नाहीत. ते वेगळं.

योजना चांगली चालली आहे का, हे तपासायला मग कमठराव घरोघर निघाले. हातात प्रश्नांचं पान. आमच्या बिळाशी पोहोचले तेव्हा दारात माझी आई होती.

"आजीबाईंना विचारायचं होतं, योजनेबद्दल समाधानी आहात का?"

"त्या वारल्या हो."

कमठरावांनी लिहून घेतलं, 'तक्रार नाही.'

दुसरा प्रश्न ते घरी विसरले होते. तो आणायला गेले. परत आले तेव्हा दारात मी होते.

"आईंना विचारायचं होतं..."

"आई गेली."

'तक्रार नाही.'

असं जंगलभर फिरून त्यांनी सिद्ध केलं, की दहातल्या नऊ म्हाताऱ्यांची काहीएक तक्रार नाही. उरलेला एक म्हातारा बहिरा होता.

हे त्यांनी सभेत वाचून दाखवलं. टाळ्या पडल्या. मी उठले.

"कमठराव, चाळीस वर्षं जगलेला एक ससा दाखवा."

"बाई, ससा नव्हे. सरासरी."

"मग सरासरी दाखवा. कुठं राहते? काय खाते? शेपटी आहे का तिला?"

सभा खो खो हसली. कमठरावांनी मान आत घेतली. ही त्यांची जुनी सवय. प्रश्न अवघड आला की मान आत. मी जाऊन पाठीवर टकटक केली. आतून आवाज आला, "पुढचा प्रश्न."

"अगं ए चौथी!" एक खार ओरडली. "बस खाली. शिकलेल्या माणसाला असं ठोठावतात का?"

सगळ्यांत जास्त हसली ती शेवंता. आमच्या बिळाशेजारी करवंदीची जाळी होती, तिथं ती राहायची. जातीनं ससा. वय आठ. म्हणजे आता ओसरतीचे दिवस. मागचा एक पाय धरलेला, दात हलत होते. पूर्वी कोल्हा आला की ती पळायची. आता नुसती पळाल्यासारखं करायची. जवळचं गवत संपलं होतं आणि लांबच्या गवतापर्यंत तिला जाववत नव्हतं. पण दहावा घास तिनं एक दिवस चुकवला नाही. आठ वर्षं. बघा हिशेब करून, किती कंद झाले असतील.

मीच तिला म्हटलं, "मावशी, आता माग तुझे. नाहीतर ही थंडी काढत नाहीस तू."

ती कोठारावर गेली. तिथं कारकून होता बगळा. एका पायावर उभा, डोळे मिटलेले.

"दादा, माझ्या वाट्याचे चार कंद देता का? आता गवतापर्यंत जाणं होत नाही."

"वय?"

"आठ झाली."

"सरासरीत बसत नाही."

"बसेन की. कुठं बसायचं?"

बगळ्यानं एक डोळा उघडला. "आजी, इथं सगळं सरासरीप्रमाणे मिळतं. माझ्या हातात काही नाही. सरासरीचं बघा आधी, मग या. येताना हयातीचा दाखला आणा."

शेवंता जिवंत त्याच्यासमोर उभी होती. पण दाखला नव्हता.

घरी येऊन मला म्हणाली, "घुशे, त्या सरासरीताई फार मोठ्या बाई दिसतात गं. त्यांच्या शब्दाशिवाय कोणाला काही मिळत नाही. मी जाऊन भेटते त्यांना."

मी कपाळाला पंजा लावला. "मावशी, ती बाई नाही."

"मग बाप्या आहे का? असू दे. बोलेन नीट."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं दूर्वांची एक जुडी बांधली. स्वतःच्या तोंडचा घास, पण मोठ्या बाईंकडे रिकाम्या हातानं कसं जायचं? लंगडत निघाली. भेटेल त्याला विचारी, "सरासरीताई कुठं राहतात हो?" मोरानं डोंगर दाखवला. माकडांनी दोन दिशा दाखवल्या. मुंगसानं जरा विचार करून सांगितलं, "सरासरी ना? ती मध्ये असते."

म्हणून शेवंता जंगलाच्या बरोबर मध्ये जाऊन बसली. दिवसभर. उन्हात. जुडी मांडीवर धरून. मी शोधत गेले तेव्हा दूर्वा वाळल्या होत्या आणि ती म्हणत होती, "येतील गं. मोठ्या लोकांना कामं असतात."

तेव्हा मी तिला ढकलत, ओढत कमठरावांकडे नेलं. खोटं कशाला बोलू? ते वाईट वागले नाहीत. बसा म्हणाले. पाणी विचारलं. वाळूवर नखानं आकडे मांडले.

"तुमचं वय आठ. सरासरी चाळीस. चाळीस वजा आठ." बराच वेळ गेला. "बत्तीस! अभिनंदन, शेवंताबाई. तुमच्यापुढे अजून बत्तीस वर्षं आहेत."

शेवंताचा पडलेला कान उभा राहिला.

"माझ्यापुढे? बत्तीस?"

"सरासरीनं, हो."

"ऐकलंस का गं घुशे? बत्तीस म्हणतायत! आणि तू म्हणत होतीस, थंडी काढत नाही."

"मावशी, तुझा पाय बघ. दात बघ."

"पायाला काय अक्कल असते? हे शिकलेले आहेत. एवढे ग्रंथ उगीच लिहिलेत का त्यांनी?"

मी कमठरावांकडे वळले. "अहो, हिच्या तोंडावर सांगा की, ससा आठ वर्षं जगतो, हे तुमच्याच पानावर लिहिलंय."

मान आत.

शेवंता लंगडत, पण हसत घरी गेली. वाटेत बगळ्याला हाक मारून सांगितलं, "बत्तीस वर्षांनी येते हो दादा!"

त्यानंतर ती रोज दहा काड्या गोळा करी. तेवढ्याच व्हायच्या. नऊ खाई, दहावी कोठारात देई. मला बघवेना. म्हटलं, "मावशी, मी घूस आहे. भोक पाडणं हे माझं घरचं काम. तुझ्याच घासांचे चार कंद आणते. कोणाच्या बापाचे नाहीत ते."

"चोरी करून खाऊ? अजून बत्तीस वर्षं याच जंगलात तोंड दाखवायचंय मला."

तरी मी खालून पोखरून गेलेच. आत काय पाहिलं सांगू? वर दिसायला गवताची रास, आणि खाली सगळं पोकळ. पाचपन्नास कंद, बास. बाकीचं कासवं-मगरींनी कधीच उचलून नेलं होतं. मी बाहेर येऊन ओरडले, "कोठार रिकामं होतंय रे!" खारी म्हणाल्या, "घुशीच्या तोंडी कोठाराची काळजी! ऐका."

दोन कंद मी शेवंताच्या जाळीपाशी ठेवले. तिनं ते तोंडानं ओढत, थांबत थांबत कोठारावर नेले आणि परत भरले. बगळ्यानं जमा करून घेतले.

त्यानंतर नवव्या दिवशी सकाळी मी जाळीत डोकावले. शेवंता कुशीवर पडली होती. नऊ काड्यांपैकी तीनच खाऊन झाल्या होत्या. दहावी मात्र बाजूला, नीट सरळ करून ठेवलेली.

इतक्यात बगळा आला. मला वाटलं, चार शब्द बोलेल. त्यानं ती दहावी काडी चोचीत उचलली आणि उडाला.

आठ दिवसांनी कमठराव पोहोचले. पान उघडून जाळीत वाकले.

"शेवंताबाईंना विचारायचं होतं, योजनेबद्दल समाधानी आहात का?"

जाळीतून आवाज आला नाही. त्यांनी लिहिलं. काय लिहिलं, ते तुम्हीच सांगा पोरांनो. शाब्बास.

पुढच्याच पंधरवड्यात मगरीला चाराऐवजी तीन कंद मिळाले. कासवांनाही तीनच. अरे, काय तो आरडाओरडा! दरबार भरला. वनराजांनी चौकशी लावली आणि काम कमठरावांवर सोपवलं. ऐंशी वर्षांत पहिल्यांदा त्यांचा ग्रंथ चार दिवसांत तयार झाला. कारण या खेपेला कमी पडलेला कंद त्यांच्या स्वतःच्या वाट्याचा होता.

त्यांनी वाचायला सुरुवात केली. "ससे, खारी, चिमण्या आणि घुशी यांना वेळेआधी मरण्याची सवय आहे. चाळीस वर्षं घास भरायचं ठरलेलं असताना हे लोक सहाव्या, आठव्या वर्षीच भरणं थांबवतात. कोठार रिकामं होण्याचं मूळ इथं आहे."

वनराजांनी दातात अडकलेलं काहीतरी पांढरं, मऊ काढलं. "कशानं मरतात?"

कमठरावांनी पान उलटलं.

"ते अभ्यासाच्या कक्षेबाहेर आहे, महाराज."

"उत्तम. पुढे."

"ताजं उदाहरण शेवंताचं. तिनं आणखी बत्तीस वर्षं घास द्यायचे होते. तसं माझ्यासमोर कबूल करून, बगळ्याला सांगून गेली होती. आणि मध्येच निघून गेली."

मी उभी राहिले. "तिला जायचं नव्हतं रे! मरताना दहावी काडी काढून ठेवलीय तिनं. तिनं एक कंद खाल्ला नाही तुमचा!"

तुम्हांला वाटेल, ससे तरी माझ्या बाजूनं उठले असतील. पुढच्या रांगेतला एक तरणा ससा हळहळत म्हणाला, "खरं आहे. शेवंताकाकूंनी जरा दम धरायला हवा होता." बाकीच्यांनी माना डोलावल्या. मग ठराव झाला, की उद्यापासून दहा घासांत दोन भरायचे. ठराव सशांनीच मांडला. कमठरावांना दुसरी शाल मिळाली, माकडं चार झाली.

आणि कोठाराच्या दारावर एक पाटी लावली.

तात्पर्य: शाळेत तुम्हांला सांगतील, की म्हातारपणाची सोय तरुणपणी करावी. करा बापडे. पण त्याआधी कासवाच्या पोटी जन्म घ्यायची सोय करा. ते जमलं नसेल, तर निदान सरासरी भरेपर्यंत मरू नका. तुम्ही उपाशी मेलात तर कोणाच्या तरी ताटातला कंद कमी होतो, आणि ते पाप आहे. खाणाऱ्यांमुळे कोठार रिकामं झाल्याचं अजून कोणत्याही ग्रंथात आलेलं नाही. माझ्यावर विश्वास ठेवू नका, तुम्हांला वाचता येतं. जाऊन पाटी वाचा. 'कोठार रिकामे होण्यास जबाबदार', आणि खाली एकच नाव: शेवंता.