उडत्या जासुदाची आणि कुहूराजांच्या घासाची बखर

॥ श्री ॥ जो अन्न देतो आणि जी भूक देते त्या उभयतांस नमन करोन, घडले वर्तमान जैसे पाहिले तैसे लिहिले जाते. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सर, कार्तिक मास, ते समयी एका नगरी (नगराचे नाव लिहिण्याचा हुकूम नाही) दोन बुरूज समोरासमोर उभे होते, एक पूर्वेचा, एक पश्चिमेचा, प्रत्येकी चौदा मजले, मध्ये पोहण्याचा हौद आणि गाड्या लावण्यावरून नित्याचा कलह. पश्चिम बुरुजाचे माथ्यावरील घरी अन्विताबाईसाहेब राज्य करीत होत्या. राज्य म्हणजे तीन खोल्या, एक उघडी गच्ची, पती तेजसराव आणि दहा महिन्यांच्या कन्या कुहूराजे. राज्य अन्विताबाईंचे म्हणावयाचे, परंतु हुकूम कुहूराजांचा चाले. आणि समोर, पूर्व बुरुजाचे माथ्यावर, तैशाच गच्चीच्या घरी यामिनीबाई एकट्याच राहात, संगणकावर दूरदेशीची चाकरी करीत, आणि त्यांचे कुंड्यांतील मिरच्यांस अन्विताबाईंचे मिरच्यांहून अधिक मिरच्या येत, हे अन्विताबाईंनी मोजोन पाहिले होते.

त्या साली एका व्यापारी कंपनीने ड्रोन नामे उडते जासूद नगरात आणिले आणि करार मांडिला की सामान आता जिन्याने येणार नाही, आकाशमार्गे येईल. प्रत्येक घरास एक पिवळा गालिचा मिळेल, त्यावर काळ्यापांढऱ्या चौकोनांचे त्या घराचेच चिन्ह असेल, जासूद वरून चिन्ह ओळखील आणि तेथेच उतरेल. चिन्ह न दिसे तर दोन फेऱ्या घालोन परत जाईल. ज्या बुरुजाची सभा मान्यता देईल त्यास ही सेवा, न देईल त्यास वर्षभर नाही. मग पश्चिमेची सभा भरली आणि अन्विताबाई कुहूराजांस कडेवर घेऊन उभ्या राहिल्या आणि बोलिल्या, "वरनं पडलं तर? माझी लेक गच्चीत रांगते. कोण जबाबदारी घेणार ते आत्ता सांगा, लिहून द्या!" कोणी लिहून देईना. निम्मे हात वर गेले, निम्मे खाली राहिले, आणि अन्विताबाईंचा एक हात खाली राहिल्याने ठराव पडला. पूर्वेची सभा सात मिनिटांत आटोपली आणि वर बटाटेवडे जाहले.

आता कुहूराजांचे वर्तमान ऐसे की त्या जेवीत नसत. वरणभात, नाचणीचे सत्त्व, मऊ खिचडी, जे पुढे येईल त्यास ओठ मिटोन ऐसा वेढा देत की चमचा आत जाण्यास फट म्हणोन नसे. चिऊचा घास, काऊचा घास म्हणावा, तो चिऊ दिसेना आणि काऊ लांब पाण्याच्या टाकीवर पाठ करोन बसलेला. डॉक्टरांनी काट्यावर घातले, सात किलो शंभर भरले, आणि डॉक्टर बोलिले, "महिन्याभरात तीनशे ग्रॅम तरी वाढायला हवं. नाहीतर रक्त काढून तपासण्या करू." त्या सुईचे भयाने अन्विताबाईंची झोप उडाली. आणि मग दुसरे दिवशी, भर दुपारी साडेबारा वाजता, पूर्वेचे गच्चीवर जासूद घूं घूं करीत आला, यामिनीबाईंचे गालिच्यावर डबडे ठेवोन गेला, आणि इकडे कुहूराजांनी तो चमत्कार पाहोन आ केला. अन्विताबाईंनी घास घातला. जासूद वर चढला, दुसरा आ. दृष्टीआड होईतो सात घास जाहले. ऐसे रोज होऊ लागले. ज्या दिवशी यामिनीबाईंचे सामान येई त्या दिवशी कुहूराजे जेवीत, न येई त्या दिवशी उपास.

तेव्हा अन्विताबाईंचे मनात ऐसे आले की, लेक माझी, वरण माझे, चमचा माझा, आणि तोंड उघडते ते हिच्या सामानाने! तेजसरावांस सांगावे तो ते बोलिले, "अगं, पण जेवतेय ना? मग झालं की." यावर अन्विताबाई दोन दिवस तुटक बोलिल्या. उभय घरी धुण्याभांड्यास एकच सुगंधाबाई होत्या, म्हणोन बातमी पक्की येई. अन्विताबाई अगदी सहज म्हणोन पुसत, "रोज रोज काय मागवतात हो त्या?"

"एवढीशी डबी असते ताई. उघडतबी नाहीत. ठेवतात रांगेनं."

"उघडत नाहीत? मग कशाला मागवायचं?"

"आता मला काय ठाव? हौस म्हणायची. तुम्हीबी मागवा की." मग कढई पालथी घालीत, "हां, तुम्हीच नको म्हनला होता न्हवं का."

हे वाक्य अन्विताबाईंस तिखटासारखे लागले. त्यांनी समोरील गालिच्याचे चित्र दुर्बिणीगत मोठे करोन फोनात काढोन ठेविले होते. कशास, हे कोणी पुसते तर सांगता आले नसते.

वजनास चार दिवस उरले असता काय जाहले की सुगंधाबाईंनी यामिनीबाईंचा गालिचा धुवोन दोरीवर वाळत घातला. सव्वाबारा वाजले. खिचडी तयार. अन्विताबाईंनी पाहिले की आता जासूद येईल, दोन फेऱ्या घालील आणि परत जाईल, आणि आपली लेक उपाशी राहील. आणि त्याचे पाठोपाठ दुसरा विचार आला, तो लिहावयास लाज वाटते: एक दिवस तरी तो माझ्या गच्चीत उतरावा. मग दिवाळीतली उरलेली रांगोळी काढिली, पांढरी आणि काळी, फोन पुढे ठेविला, ठिपके दिले, ओळी आखिल्या आणि चौकोनामागून चौकोन ऐसे भरिले की शाळेतील स्पर्धेतही हात इतका नेटका चालला नव्हता. कुहूराजे दारात आडव्या ठेवलेल्या गादीमागे बसोन पाहात होत्या.

जासूद आला. पूर्वेस एक फेरी घातली, दुसरी अंमळ मोठी घातली, आणि रांगोळी पाहोन पश्चिमेस वळला. अन्विताबाईंस काय आनंद! परंतु लांबून जे पाखरू दिसे ते जवळ आले तो राक्षस जाहले. चार पात्यांचा वारा सुटला, ठिपके, ओळी, चौकोन सर्व एकदम उडाले आणि अन्विताबाईंचे तोंडावर, केसांत, खिचडीत जाऊन बसले. जासुदाने डबडे टाकिले आणि पळ काढिला. कुहूराजांनी जो टाहो फोडिला तो हौदावर ऐकू गेला. अन्विताबाई लेकीस उचलू गेल्या तो ते काळेपांढरे तोंड पाहोन कुहूराजे अधिकच किंचाळल्या. सभेत मी ज्याचे भय घातले, ते मीच घरी बोलाविले, ऐसे बाईंचे मनात आले. इतक्यात घंटा वाजली.

दारात यामिनीबाई, पायांत दोन तऱ्हेच्या चपला. "माझं पार्सल तुमच्याकडे आलंय म्हणे. पोचल्याचा फोटो आलाय." आणि फोन पुढे केला. फोटोत डबडे एवढेसे, आणि मागे काळ्या तोंडाच्या अन्विताबाई, हात पसरलेल्या.

"मी... रांगोळी काढत होते."

"हे चिन्ह हातानं काढलंत? मला साधी गोपद्मं येत नाहीत हो." ऐसे बोलोन यामिनीबाईंनी रडत्या कुहूराजांस उचलिले, आणि कुहूराजे गप्प. अन्विताबाई तोंड धुवावयास गेल्या आणि दुसरी खिचडी घेऊन आल्या, तो यामिनीबाई बोलिल्या, "थोडी मलाही वाढाल? तुम्ही भरवायला बसता ना, तेव्हाच मी समोर जेवते. एकटीला घास जात नाही. ती आ करते, मग मीही करते."

"आणि त्या डब्या?"

"हिंग. त्यांच्याकडे सगळ्यांत छोटं तेच मिळतं. ड्रोन आला की ती जेवते, हे मला दिसत होतं की. तेवीस डब्या झाल्यात."

यामिनीबाईंनी आपला घास घेतला. कुहूराजांनी त्यांचे तोंडाकडे पाहिले आणि आ केला. दुसरा घास, दुसरा आ. जासूद नाही, चिऊ नाही, काऊ नाही, समोर कोणी जेवणारे असावे एवढेच पाहिजे होते. आणि अन्विताबाई तर लेकीचे आधी कधी जेवल्याच नव्हत्या, चमचा घेऊन पहारा करीत होत्या. वाटी रिकामी जाहली. अन्विताबाईंस रडू आले, ते अर्धे आनंदाचे होते. उरलेले अर्धे कशाचे ते येथे लिहीत नाही. मग ठरले की यामिनीबाईंनी रोज दुपारी जेवावयास यावे. "उद्या वांग्याची भाजी करते," अन्विताबाई बोलिल्या, "मिरच्या तुमच्या आणा. जास्त येतात तुमच्याकडे."

"खरं की काय? मला तर तुमच्याच जास्त वाटायच्या."

चौथे दिवशी काटा सात किलो चारशे चाळीसवर स्थिरावला. सुई टळली. डॉक्टर चकित होऊन बोलिले, "अरे वा! काय केलंत?" अन्विताबाईंचे ओठांवर यामिनीबाईंचे नाव आले, आणि तेथेच थांबले.

"हिंग," त्या बोलिल्या.

"नाभीला लावला? उत्तम. चालू ठेवा."

येणेप्रमाणे घासाचा तह जाहला. वजन कुहूराजांचे वाढले, जासूद पूर्वेचे गच्चीवर येईनासा झाला, तेवीस डब्या हिंग उभय घरी वाटोन घेतला, आणि मत्सर होता तेवढाच राहिला. फक्त आता तो दुपारी समोरासमोर बसोन जेवतो.