बांधीतलं आणि पाठीतलं पाणी

"ओ मास्तर! माह्या बांधीतलं पाणी कायले सोडून राहिले? धान निसवून राहिला, लोंब्या बाहेर येऊन राहिल्या, दिसत नाही काय?"

मोतीराम एवढ्या जोरात ओरडला की देवरीला निघालेली एसटी म्हणे गोरेगावातच बंद पडली. धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, आमच्या ज्युनिअर कॉलेजचे गणिताचे पटले सर उकिडवे बसले होते. फावड्याने त्यांनी धुऱ्याचं तोंड रुंद केलं होतं आणि बांधीतलं, भाताच्या खाचरातलं, पाणी भळाभळा नाल्यात चाललं होतं.

"थांब गा मोतीराम," सर मान वर न करता म्हणाले. "तोंड रुंद केल्यावर बांधी कशी उतरते, तेवढं पाहून राहिलो."

"मंग आपल्या घरची टाकी फोडा ना!"

जिथेतिथे पाण्याचा दाब शोधत बसायचा सरांचा हा जुनाच छंद. मी शिंकलो की आठवडी बाजारातल्या शेळ्या दावं तोडतात, हे तालुक्याला माहीत आहे. बाकीचे दचकत, सर विचारत, "पाठीच्या कण्यातल्या पाण्यावर दाब किती पडला असेल?" मग फळ्यावर समीकरण मांडायला घेत. त्याचं शेपूट प्राचार्यांच्या केबिनमध्ये निघायचं. एसटीच्या दारात रेटारेटी झाली की हा माणूस आत घुसायचं सोडून बाजूला उभा. "तोंड अरुंद, मागून दाब. बरोबर असंच!" तोवर बस गेलेली.

त्यांच्याकडे जेवायला कोणी जात नसे. भाजीत मिरची नाही! आमच्याकडे हा गुन्हाच. फोडणीचा ठसका घरात चालत नाही म्हणायचे. आम्ही मूळव्याध ठरवून मोकळे झालो होतो.

मोतीरामने फावडं हिसकावलं तेव्हा मी मध्ये पडलो. मग सरांनी सांगितलं, वर्गात शिकवावं तसं. नागपूरला त्यांच्या बायकोचा, म्हणजे आमच्या वहिनींचा, एमआरआय काढला होता. मज्जारज्जूच्या आत पाण्याची पोकळी झालेली. डोकं मानेला मिळतं तिथली वाट अरुंद, त्यामुळे खोकलं की पाणी धक्का मारतं आणि पोकळी वाढते. हातांना गरम-थंड कळेनासं झालं होतं. तापलेला तवा वहिनी उघड्या हाताने उचलत. डॉक्टर म्हणत होते, ऑपरेशन करून वाट रुंद करू, पोकळी बहुतेक उतरेल, हातांचं मात्र सांगता येत नाही. आणि गणित सुटेपर्यंत सर हो म्हणत नव्हते.

"सुटलं काय मंग?" मोतीरामचा आवाज खाली आला.

"पाणी उतरते. पोकळी आखडते," सर नाल्याकडे पाहत म्हणाले. "तिच्या हाताले कळन का नाही, ते ह्या गणितात येतच नाही. कुठं मांडू, समजून नाही राहिलं."

"अन् वहिनी काय म्हणते?"

सरांनी वहिनींना विचारलंच नव्हतं.

मोतीरामने चिखल टाकून धुऱ्याचं तोंड बुजवलं. सरांनी घरी जाऊन विचारलं असावं, कारण त्याच आठवड्यात वहिनीच सरांना घेऊन नागपूरला ऑपरेशनला गेल्या.

दिवाळीनंतर मी त्यांच्याकडे गेलो. पोकळी उतरली होती, अगदी गणिताप्रमाणे. सर गॅसपुढे पोळ्या करत होते. पोळ्या अशा, की शेजारच्या म्हशीनेही तोंड फिरवावं. वहिनींना मात्र ते तव्याजवळ फिरकू देत नव्हते.

"वहिनी," मी हळूच विचारलं, "हाताले कळते काय आता?"

"नाही," वहिनी म्हणाल्या. "तुम्ही बसा. ह्यांची पोळी करपून राहिली."